मोटोजीपी आणि बदलत्या गाड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटोजीपी म्हणजे मोटरसायकल शर्यतींची सगळ्यात वरची जागतिक स्पर्धा. बरीच वर्षं मी या शर्यती न चुकता पाहत आलो आहे. त्यामुळे नव्याने पाहायला लागलेले लोक मला प्रश्न पाठवतात, आणि तेच तेच प्रश्न फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, नियमांचे किचकट अपवाद शेवटी. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तंत्रज्ञान कुठे चुकलं याबद्दलची मतं माझी आहेत आणि ती मी मोकळेपणाने मांडली आहेत.

१. मोटोजीपीची गाडी आणि शोरूममधली सुपरबाइक दिसायला सारख्याच वाटतात. मग फरक काय?

मोटोजीपीची गाडी विकायला नसतेच. ती फक्त शर्यतीसाठी बनवलेली प्रोटोटाइप असते. २०१२ ते २०२६ या काळातल्या नियमांप्रमाणे इंजिन जास्तीत जास्त १००० सीसीचं आणि चार सिलिंडरचं, गाडीचं वजन किमान १५७ किलो. ताकद सुमारे ३०० अश्वशक्ती. म्हणजे दोन धडधाकट माणसांच्या वजनाच्या गाडीवर एवढी ताकद. ब्रॅड बाइंडर या स्वाराने २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलो ट्रॅकच्या सरळ रस्त्यावर ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला होता.

शोरूममधल्या गाड्यांवर आधारलेली जागतिक स्पर्धा वेगळी आहे: वर्ल्ड सुपरबाइक, १९८८ पासून चालू असलेली. तिथे गाडीचा मूळ सांगाडा आणि इंजिन विक्रीतल्या मॉडेलचंच असावं लागतं.

२. मोटो२ आणि मोटो३ कशासाठी? पाहायलाच हवेत का?

त्या खालच्या पायऱ्या. मोटो३ मध्ये २५० सीसीची एक सिलिंडरची गाडी असते, तर मोटो२ मध्ये २०१९ पासून सगळ्यांना ट्रायम्फचं ७६५ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मिळतं. पाहायला हवेत का? मोटो३ तर नक्की पाहा. ताकद कमी असल्यामुळे एकट्याने पळून जाता येत नाही, दुसऱ्याच्या पाठीमागची पोकळी पकडूनच वेग मिळवावा लागतो. मग दहा-बारा गाड्यांचा घोळका शेवटच्या फेरीपर्यंत एकत्र धावतो. ओव्हरटेकिंग म्हणजे काय हे डोळ्यांना शिकवायला याहून चांगली शाळा नाही.

३. शनिवारी एक शर्यत, रविवारी एक शर्यत. गुण कसे मोजतात?

२०२३ पासून प्रत्येक ग्रां प्रीच्या शनिवारी स्प्रिंट असते, साधारण निम्म्या अंतराची. तिच्यात पहिल्या नऊ जणांना १२, ९, ७, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण. रविवारच्या मुख्य शर्यतीत पहिल्या पंधरा जणांना, पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, मग १३, ११, १० आणि पुढे एकेक कमी.

दोन्ही शर्यतींची सुरुवातीची रांग एकच असते. शुक्रवारच्या सरावात पहिले दहा आलेले थेट क्यू२ मध्ये, म्हणजे पात्रता चाचणीच्या शेवटच्या टप्प्यात जातात, उरलेल्यांतून क्यू१ या आधीच्या टप्प्यातले पहिले दोन त्यांना मिळतात, आणि या बारा जणांमधून पोल पोझिशन, म्हणजे रांगेतली पहिली जागा ठरते. म्हणून शुक्रवारची शेवटची पाच मिनिटं सोडू नका. एखाद्याचा अख्खा आठवडा तिथेच बिघडतो.

४. गाडी इतकी आडवी झोपते, तरी पडत कशी नाही?

वळताना गाडी आणि स्वार यांना बाहेर फेकू पाहणारा जोर आणि खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण यांचा तोल झुकल्यानेच साधतो. वेग जितका जास्त आणि वळण जितकं आवळलेलं, तितकं जास्त झुकावं लागतं. मोटोजीपीत ६० अंशांहून अधिक झुकणं रोजचं आहे. त्या क्षणी टायरवर वजनाच्या दीड-पावणेदोन पट आडवा जोर असतो आणि रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा तळहाताएवढा.

स्वार गाडीच्या आतल्या बाजूला लोंबकळतो तो दिखाव्यासाठी नव्हे. शरीराचं वजन आत गेलं की त्याच वेगासाठी गाडीला थोडं कमी झुकावं लागतं, म्हणजे टायरचा जास्त रुंद भाग रस्त्यावर राहतो. पूर्वी गुडघा टेकायचा, आता कोपर टेकतं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना खरी वाटत नाही: डावीकडे झुकायचं असेल तर हँडलची डावी बाजू पुढे ढकलावी लागते. ताशी तीनशेच्या वेगाने एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गाडी उलटवताना स्वार त्या हँडलशी अक्षरशः कुस्ती खेळत असतो. पुढच्या वेळी त्यांचे खांदे पाहा.

५. काही जण पडून लगेच उठतात, काही हवेत फेकले जातात. असं का?

पडण्याच्या दोन जाती आहेत. लोसाइडमध्ये पुढच्या (किंवा मागच्या) चाकाची पकड सुटते आणि गाडी आतल्या बाजूवर पडून घसरत जाते. स्वार आधीच जमिनीजवळ असतो, तो मागोमाग घसरतो आणि बहुतेक वेळा उठून उभा राहतो.

हायसाइड वेगळा. मागचं चाक आधी घसरतं, मग अचानक पकड परत मिळते. आडवी गाडी झटक्यात उभी होते आणि स्वाराला गोफणीतल्या दगडासारखी वर भिरकावते. ५०० सीसी टू-स्ट्रोकच्या जमान्यात (प्रश्न १०) हे सारखं व्हायचं. इलेक्ट्रॉनिक्सने (प्रश्न १३) ते खूप कमी केलं, आणि त्याबद्दल मी त्या तंत्रज्ञानाचा कायमचा ऋणी आहे.

२०१८ पासून तिन्ही वर्गांत एअरबॅगचा सूट सक्तीचा आहे. स्वार जमिनीवर आदळण्याआधीच तो फुगतो. पण जिथे पडलेल्या स्वाराला मागून येणाऱ्या गाडीची धडक बसते तिथे कुठलाही सूट पुरा पडत नाही. २३ ऑक्टोबर २०११ ला मलेशियातल्या सेपांगमध्ये मार्को सिमोन्चेली हा स्वार असाच गेला. चोवीस वर्षांचा होता. ती शर्यत पाहिलेली माणसं आजही त्या वळणाकडे मोकळ्या मनाने पाहू शकत नाहीत.

६. ब्रेक लावताना एक पाय बाहेर का काढतात?

इटलीच्या व्हॅलेंटिनो रॉसी या स्वाराने २००० च्या दशकाच्या मध्यावर हे सुरू केलं आणि बघता बघता सगळ्यांनी उचललं. जोरदार ब्रेकिंगमध्ये सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक जवळजवळ तरंगतं. अशा वेळी मोकळा सोडलेला पाय तोल सांभाळायला आणि शरीर आत न्यायला मदत करतो, हे मला सगळ्यात पटणारं कारण आहे. शिवाय शेजारच्याला जागाही कमी मिळते.

७. गिअर उलटे का असतात?

रस्त्यावरच्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर. शर्यतीच्या गाडीत बहुतेक जण पहिला वर आणि बाकीचे खाली ठेवतात. डाव्या वळणावर गाडी आडवी असताना गिअर चढवायचा तर पायाची बोटं लिव्हरखाली घालायला जागाच नसते. वरून दाबणं सोपं. होंडाने २०११ मध्ये आणलेल्या सीमलेस गिअरबॉक्सनंतर गिअर बदलताना ताकदीत खंड पडणंही जवळजवळ थांबलं, त्यामुळे झुकलेल्या गाडीला धक्का बसत नाही.

८. टायरमधल्या हवेसाठी दंड? हे खरंच असतं का?

असतं, आणि आजच्या मोटोजीपीतला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

हवा कमी ठेवली तर टायर जास्त पसरतो, जास्त रबर रस्त्याला लागतं, पकड वाढते. पण फार कमी हवेने टायरच्या आतल्या रचनेवर ताण येतो. म्हणून किमान दाब ठरवून दिला. २०२४ पासून मिशेलिनच्या पुढच्या टायरसाठी तो १.८० बार होता. मुख्य शर्यतीच्या ६० टक्के फेऱ्यांत आणि स्प्रिंटच्या ३० टक्के फेऱ्यांत दाब त्याच्या वर असलाच पाहिजे. नसेल तर मुख्य शर्यतीत १६ सेकंदांचा आणि स्प्रिंटमध्ये ८ सेकंदांचा दंड.

अडचण अशी की दाब स्थिर राहत नाही. टायर तापला की वाढतो. एकटा पुढे धावणाऱ्याच्या टायरला थंड हवा मिळते, दाब कमी राहतो. दुसऱ्याच्या मागे अडकलेल्याचा टायर पुढच्या गाडीच्या गरम हवेत भाजतो, दाब चढतो, टायर फुगून कडक होतो आणि ब्रेक लावताना पुढचं चाक लॉक व्हायला लागतं. म्हणजे आपला स्वार पुढे असेल की घोळक्यात, याचा अंदाज टीमला शर्यत सुरू होण्याआधी बांधून हवा भरावी लागते.

२०२५ च्या हंगामाने दोन्ही टोकं दाखवली. थायलंडमधल्या बुरिरामला मार्क मार्केझ आघाडीवर असताना स्वतःहून सावकाश झाला, भाऊ आलेक्सला पुढे जाऊ दिलं, बऱ्याच फेऱ्या त्याच्या मागे राहून टायर तापवला आणि शेवटी पुन्हा पुढे जाऊन जिंकला. लोकांना वाटलं गाडी बिघडली. कतारमध्ये मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला, पोडियमवर उभा राहिला, आणि मग याच नियमाने १६ सेकंद वाढून चौदाव्या क्रमांकावर घसरला.

सुरक्षेचं कारण मला मान्य आहे. पण पाहणाऱ्याला शर्यत चालू असताना दिसत नाही अशा गोष्टीवर तासाभराने निकाल फिरणं मला कधीच पटलेलं नाही. जो माणूस रविवारी घरच्यांना घेऊन शर्यत पाहायला बसतो, त्याला टीव्हीवर दिसला तोच निकाल मिळाला पाहिजे.

९. कार्बनचे ब्रेक पावसात का चालत नाहीत म्हणतात?

कार्बनची डिस्क गार असताना धड धरतच नाही. तिला अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसच्या पुढे तापावं लागतं. मग मात्र तिच्यासारखा ब्रेक नाही: मुजेलोच्या पहिल्या वळणाआधी साडेतीनशेच्या वेगावरून शंभरच्या आसपास, आणि तेही एका-दोन बोटांनी. पावसात डिस्क तापत नाही, म्हणून पूर्वी पाऊस आला की स्टीलच्या डिस्क लावायचे. आता डिस्कवर आवरण घालून कार्बनच वापरतात.

उलट टोकही वाईट आहे. २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या रेड बुल रिंगवर विन्यालेसचे ब्रेक अतिउष्णतेने गेले. त्याने ताशी दोनशेहून अधिक वेगात गाडीवरून उडी टाकली आणि गाडी जाऊन संरक्षक भिंतीवर आदळली. तो चालत परत आला.

१०. जुने लोक टू-स्ट्रोकचं एवढं कौतुक का करतात? ते बंद का झाले?

५०० सीसीची ती गाडी सुमारे १३० किलोची होती आणि ताकद १९० अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या आकड्यांपुढे ते कमी वाटेल. पण ती ताकद एकदम यायची, एखादं दार लाथ मारून उघडावं तशी, आणि मध्ये कुठलाही संगणक नव्हता. उजवं मनगट आणि मागचं चाक यांच्यात फक्त तार. ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहानने १९९४ ते १९९८ अशी सलग पाच विजेतेपदं अशा गाडीवर मिळवली.

डूहानचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १९९२ मध्ये नेदरलंड्समधल्या असेनला त्याचा उजवा पाय मोडला. बरा झाल्यावरही घोटा धड हलेना, म्हणजे मागचा ब्रेक दाबता येईना. तेव्हा डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबायचा ब्रेक बनवला गेला. आज बरेच स्वार अंगठ्याचा ब्रेक वापरतात, कारण उजव्या वळणावर पूर्ण झुकलेलं असताना पाय पेडलपर्यंत पोचत नाही. एका माणसाच्या दुखापतीतून आलेलं हे साधन मला सगळ्या पंखांपेक्षा (प्रश्न १२) मोलाचं वाटतं.

टू-स्ट्रोक गेले कारण रस्त्यावरून ते आधीच गेले होते. तेल जाळणारं, धूर सोडणारं इंजिन कंपन्यांना विकता येत नव्हतं, तर त्यावर शर्यतीत पैसा कशाला घालायचा? २००२ मध्ये ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोकना प्रवेश मिळाला आणि त्या वर्षीच्या सोळाही शर्यती त्यांनीच जिंकल्या. त्याआधी होंडाने १९७९ मध्ये लंबगोल पिस्टनची एनआर५०० हे फोर-स्ट्रोक आणलं होतं. एकही ग्रां प्री न जिंकता ते संपलं. मग होंडानेही टू-स्ट्रोक बनवलं आणि फ्रेडी स्पेन्सरने १९८३ मध्ये त्यावर विजेतेपद मिळवलं.

११. 'बिग बँग' आणि 'क्रॉसप्लेन' इंजिन म्हणजे काय?

चार सिलिंडरचे स्फोट समान अंतराने झाले की मागच्या टायरवर ताकदीचा अखंड मारा होतो आणि तो घसरत राहतो. होंडाने १९९२ मध्ये हे स्फोट जवळजवळ एकत्र आणले, तेच 'बिग बँग'. दोन माऱ्यांच्या मधल्या उसंतीत टायर पकड परत मिळवतो. गुरगुरणारा तो आवाज त्यातूनच आला.

यामाहाने २००४ मध्ये आपल्या एम१ या शर्यतीच्या गाडीला क्रॉसप्लेन क्रँकशाफ्ट दिला, म्हणजे असमान अंतराचे स्फोट. तोच विचार २००९ मध्ये आर१ या विक्रीच्या गाडीत आला. शर्यतीतलं रस्त्यावर काय येतं, असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

१२. पंख आणि खाली बसणारी गाडी यांवर तुमचा एवढा राग का?

राग वेगावर नाही. दोन गाड्यांची झुंज हरवली, यावर आहे.

डुकाटीने २०१५ मध्ये गाडीच्या नाकाशी छोटे पंख लावले. काम एकच: पुढचं चाक जमिनीवर दाबून धरणं. एवढ्या ताकदीच्या गाडीचं पुढचं चाक वळणातून बाहेर पडताना सारखं उचलतं, आणि ते रोखायला इलेक्ट्रॉनिक्सला ताकद कापावी लागते. पंखांनी चाक दाबलं की ताकद कापावी लागत नाही. २०१७ पासून बाहेर आलेले पंख बंद केले, तर कंपन्यांनी तेच फेअरिंगमध्ये (गाडीच्या बाहेरच्या आवरणात) गुंडाळून परत आणले. २०१९ मध्ये कतारला डुकाटीच्या मागच्या चाकापुढच्या पात्यावर तक्रार झाली, प्रकरण अपिलात गेलं, पातं वैध ठरलं. तिथून पुढे शेपटीवर, पोटाशी, पुढच्या फोर्कवर, जागा मिळेल तिथे पाती आली.

त्यात राइड हाइट डिव्हाइस आलं. आधी फक्त सुरुवातीला गाडी खाली बसवायचं साधन होतं. २०२० च्या सुमारास डुकाटीने ते शर्यतीतही वापरायला घेतलं. वळणातून निघताना स्वार एक कळ दाबतो, मागची बाजू खाली बसते, गुरुत्वमध्य उतरतो, चाक उचलत नाही, गाडी बाणासारखी सुटते. पुढच्या ब्रेकिंगला ती आपोआप वर येते. हे सगळं यांत्रिक आणि हायड्रॉलिक, कारण त्याला इलेक्ट्रॉनिक्स जोडायला बंदी आहे. अभियंत्यांच्या हुशारीला माझा मनापासून सलाम.

पण परिणाम पाहा. चाक उचलत नसल्याने वळणातून बाहेर पडताना स्वाराच्या मनगटाचं कसब कमी मोजलं जातं. पंखांमुळे गाडी रस्त्यावर दाबली जात असल्याने सगळे जण उशिरा ब्रेक लावतात, म्हणजे ब्रेकिंगचं अंतर आखडतं, आणि ओव्हरटेक तर तिथेच व्हायचे. मागच्याला पुढच्या गाडीची घुसळलेली हवा मिळते, त्याचे पंख नीट काम करत नाहीत, त्यात टायर तापतो (प्रश्न ८). तो अर्ध्या सेकंदावर येऊन अडकून बसतो. लॅप रेकॉर्ड मोडतात आणि पहिल्या तिघांचा क्रम दहा फेऱ्या हलत नाही. २०२३ पासून पुढचं राइड हाइट डिव्हाइस बंद केलं, पण मागचं राहिलं. पुढे काय बदलतं आहे ते प्रश्न १६ मध्ये.

१३. इलेक्ट्रॉनिक्स सगळं करतं, मग स्वार काय करतो?

ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), व्हीली कंट्रोल (पुढचं चाक उचलू न देणारं), इंजिन ब्रेकिंगची सेटिंग, हे आहेच. पण २०१६ पासून सगळ्यांना मॅग्नेटी मारेलीचं एकच ईसीयू (इंजिनवर ताबा ठेवणारा संगणक) आणि एकच सॉफ्टवेअर आहे. त्याआधी मोठ्या कंपन्या स्वतःचं सॉफ्टवेअर लिहीत आणि छोट्या टीम मागे पडत. शिवाय एबीएस नाही. ताशी साडेतीनशेवरून ब्रेक मारताना पुढचं चाक लॉक होणार की नाही, हे फक्त दोन बोटं ठरवतात. त्यात भर म्हणजे वीस-बावीस फेऱ्यांत टायर झिजतो, टाकीतलं पेट्रोल कमी होऊन तोल बदलतो, आणि स्वार प्रत्येक फेरीत त्याच्याशी जुळवून घेतो.

१४. शेवटी जिंकतो कोण, स्वार की गाडी?

दोन्ही बाजूंनी भक्कम पुरावा आहे. यामाहा २००३ मध्ये एकही शर्यत जिंकली नव्हती. २००४ ला रॉसी होंडा सोडून तिकडे गेला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कम ट्रॅकवर पहिलीच शर्यत जिंकली. संपल्यावर तो गाडी बाजूला लावून तिच्याशेजारी बसला, ते दृश्य विसरणं शक्य नाही. वर्षाअखेरीस विजेतेपदही त्याचंच. मग तोच रॉसी २०११-१२ ला डुकाटीवर गेला आणि दोन वर्षांत एकही शर्यत जिंकू शकला नाही, जी कंपनी केसी स्टोनरने २००७ मध्ये विजेती केली होती.

मार्केझने २०१९ मध्ये होंडावर ४२० गुण मिळवले. त्याच संघातल्या होर्हे लोरेन्झोला, म्हणजे मोटोजीपीचं विजेतेपद तीनदा मिळवलेल्या माणसाला, २८ मिळाले. २०२० ला हेरेझमध्ये मार्केझचा उजवा दंड मोडला, त्या हातावर चार शस्त्रक्रिया झाल्या. तो होंडा सोडून २०२४ मध्ये डुकाटीच्या खासगी संघात गेला आणि २०२५ मध्ये डुकाटीच्या मुख्य संघातून पुन्हा विजेता झाला. मी म्हणेन, वाईट गाडीवर मोठा स्वार अधूनमधून जिंकतो, पण हंगाम जिंकायला गाडी लागतेच.

१५. होंडा-यामाहाला जास्त सवलती कशा मिळाल्या? हा अन्याय नाही का?

२०२४ पासून कंपन्यांच्या कामगिरीनुसार ए ते डी असे गट आहेत. सगळ्यात वरच्याला चाचण्या कमी, वाइल्ड कार्ड (एखाद्या शर्यतीपुरता जादा स्वार) नाही. तळाच्या डी गटाला नेहमीच्या स्वारांसह जादा चाचण्या आणि हंगामात इंजिन सुधारायची मुभा. २०२४ मध्ये वीसपैकी एकोणीस मुख्य शर्यती डुकाटीने जिंकल्या, फक्त ऑस्टिनची विन्यालेसने अ‍ॅप्रिलियावर. सुझुकी तर २०२२ अखेर सोडून गेली होती. आणखी दोन कंपन्या गेल्या असत्या तर पाहायला काय उरलं असतं? यामाहाने या मुभेतच वर्षानुवर्षं जपलेलं इनलाइन-४ (एका रांगेत चार सिलिंडर) सोडून व्ही-४ (व्ही आकारात चार सिलिंडर) इंजिन उभं केलं. एम१ चा तो गुळगुळीत वळणारा स्वभाव मला फार आवडायचा, त्यामुळे हा निर्णय समजतो तरी हळहळ वाटते.

१६. २०२७ पासून नेमकं काय बदलतं?

इंजिन १००० वरून ८५० सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ ऐवजी ७५ मिलिमीटर. राइड हाइट आणि सुरुवातीची होलशॉट साधनं पूर्ण बंद. पुढची फेअरिंग ५० मिलिमीटरने अरुंद, नाकही मागे. पेट्रोल २२ ऐवजी २० लिटर आणि तेही पूर्णपणे जीवाश्मविरहित. टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे. प्रत्येक सत्रानंतर सगळ्या गाड्यांचा जीपीएस डेटा सगळ्या टीमना मिळणार.

प्रश्न १२ मधली माझी गाऱ्हाणी यातून बरीच मिटावीत. सरळ रस्त्यावर वेग कमी होईल म्हणून कुरकुर करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की टीव्हीवर ३६० आणि ३४० मधला फरक कुणाला दिसत नाही. ब्रेकिंगला आत घुसणारी गाडी सगळ्यांना दिसते. एका जुन्या अनुभवाने मात्र मी सावध आहे: २००७ मध्ये वेग आवरायला ८०० सीसी आणलं, तेव्हा गाड्या वळणांत आणखी जलद झाल्या आणि ओव्हरटेक कमी झाले. या वेळी हवेचे पंखही कापले आहेत, एवढाच मोठा फरक.

१७. विजेवरच्या गाड्यांचं काय झालं?

मोटोई २०१९ ला सुरू झाली, आधी एनर्जिकाच्या आणि २०२३ पासून डुकाटीच्या गाड्यांवर. २०२५ नंतर ती थांबवली. शर्यती चुरशीच्या होत्या, पण बॅटरीमुळे गाडी सव्वादोनशे किलोच्या घरात आणि शर्यत सात-आठ फेऱ्यांची. प्रेक्षक जमले नाहीत.

१८. बायका या शर्यतींत का दिसत नाहीत?

दिसतात, योग्य ठिकाणी पाहिलं तर. आना कारास्कोने २०१८ मध्ये वर्ल्ड सुपरस्पोर्ट ३०० या जागतिक स्पर्धेचं विजेतेपद जिंकलं, पुरुषांसोबत धावून. जागतिक रोड रेसिंगमध्ये वैयक्तिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली बाई. २०२४ पासून बायकांची स्वतंत्र जागतिक स्पर्धाही आहे, सगळ्या जणी यामाहा आर७ वर. पहिलं विजेतेपद पुन्हा कारास्कोचं, २०२५ चं मारिया एरेराचं.

१९. शर्यतीत मध्येच पाऊस आला तर?

पांढरा झेंडा दाखवतात आणि पिटमध्ये (ट्रॅकलगत टीमच्या गॅरेजपाशी) येऊन दुसरी, पावसाचे टायर लावलेली गाडी घ्यायची मुभा मिळते. कधी यायचं हे स्वाराने ठरवायचं. २०२१ मध्ये ऑस्ट्रियात शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत पाऊस वाढला, आघाडीचे सगळे आत गेले. बाइंडर गुळगुळीत टायरवर बाहेरच राहिला. टायर गार, ब्रेक गार (प्रश्न ९), आणि तरी तो जिंकला. ती शेवटची फेरी मी उभ्याने पाहिली.

अपवाद: कोरड्या रस्त्यावरही गाडी बदलायला लावल्याचं एक उदाहरण आहे. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला नव्या डांबरावर टायर टिकेनात, म्हणून मध्ये गाडी बदलणं सक्तीचं केलं. मार्केझ एक फेरी उशिरा आत आला आणि काळा झेंडा दाखवून त्याला बाद केलं. त्याच्या संघाने फेऱ्या चुकीच्या मोजल्या होत्या.

२०. शेवटच्या फेरीत ट्रॅकच्या कडेच्या हिरव्या पट्ट्यावर गेलं तर वेगळी शिक्षा का?

एरवी वारंवार ट्रॅकची हद्द ओलांडली तर लाँग लॅप मिळतो, म्हणजे वळणाबाहेरच्या लांब वाटेने एकदा जाऊन यायचं. शेवटच्या फेरीत त्याला वेळच नसतो. म्हणून झुंजीत फायदा झाला असेल तर थेट एक क्रमांक खाली. हद्द थोडीशी ओलांडली तरी सेन्सर टिपतो.

२१. शर्यत थांबवणारा लाल झेंडा दाखवल्यावर जो पडलेला असतो त्याला गुण मिळतात का?

तीन चतुर्थांश अंतर झालं असेल तर निकाल आदल्या फेरीवरून लावता येतो. पण झेंड्याच्या वेळी जो शर्यतीत नव्हता, किंवा पाच मिनिटांत गाडीसह पिटमध्ये परतला नाही, त्याची गणती होत नाही. म्हणून लाल झेंडा लागल्यावर पडलेला स्वार मोडकी गाडी ढकलत धावताना दिसतो.

२२. एकही शर्यत न जिंकता विजेता होता येतं का? आणि गुण सारखे झाले तर?

होता येतं. एमिलियो अल्झामोराने १९९९ मध्ये १२५ सीसीचं विजेतेपद एकही शर्यत न जिंकता मिळवलं. मोटोजीपीत जोआन मीर २०२० मध्ये फक्त एक शर्यत जिंकून विजेता झाला.

गुण सारखे झाले तर ज्याचे विजय जास्त तो पुढे, तेही सारखे असतील तर दुसरे क्रमांक मोजतात. हा नियम कागदावरचा वाटतो, म्हणून २००६ आठवा. निकी हेडन २५२ गुण आणि दोन विजय, रॉसी २४७ गुण आणि पाच विजय. त्या वर्षी पोर्तुगालमधल्या एस्टोरिलला रॉसी टोनी एलियासच्या मागे दुसरा आला होता. तिथे जिंकला असता तर पाच गुण वाढून दोघे २५२ वर आले असते आणि विजयांच्या जोरावर विजेतेपद रॉसीचं झालं असतं. एलियास तिथे ०.००२ सेकंदाने पुढे होता.